रुबीच्या कोअर क्लासेसचे डॉक्स: आठ महिने रोज उघडल्यानंतर

आठ महिन्यांपूर्वी स्वतःला एक शिस्त लावून घेतली. रुबी या प्रोग्रामिंग भाषेत काही अडलं तर आधी गूगल करायचं नाही, आधी अधिकृत डॉक्स (भाषेची माहिती देणारी पानं) उघडायचे. बिलिंगच्या एका जुन्या प्रोजेक्टवर काम करते, त्यामुळे अ‍ॅरे (क्रमाने लावलेली यादी), हॅश (की, म्हणजे नाव, आणि तिची किंमत अशा जोड्या) आणि स्ट्रिंग (मजकूर) या भाषेसोबतच येणाऱ्या तीन कोअर क्लासेसच्या पानांवरच बहुतेक वेळ गेला.

पहिल्याच महिन्यात शिस्तीचं फळ मिळालं. शहरानुसार ग्राहकांची यादी करायला मी हॅश बनवताना डिफॉल्ट (की न सापडल्यास मिळणारी वस्तू) म्हणून रिकामा अ‍ॅरे दिला होता. पुण्यात टाकलेला ग्राहक नाशिकमध्येही दिसायला लागला, आणि हॅश छापला तर तो चक्क रिकामा! हॅशच्या पानावर डिफॉल्टचा भाग वाचला तेव्हा उलगडा झाला. डिफॉल्ट वस्तूची प्रत काढली जात नाही, न सापडलेल्या प्रत्येक कीला तीच एक वस्तू हातात येते. बदलता येणारी वस्तू द्यायची असेल तर ब्लॉक (दर वेळी नव्याने चालणारा कोडचा तुकडा) द्या आणि त्यातच कीला किंमत द्या. पूर्वी असं काही झालं की मी चार उत्तरं चाळून एक चिकटवायची. ते चालायचं, पण का चालतं ते कळायचं नाही.

दुसरा प्रसंग सॉर्टचा, म्हणजे क्रम लावण्याचा. एकाच तारखेची बिलं रिपोर्टात कधी एका क्रमाने यायची, कधी दुसऱ्या. सॉर्टच्या वर्णनात एक छोटं वाक्य आहे: निकाल स्टेबल असेल याची हमी नाही. म्हणजे बरोबरीच्या घटकांचा मूळ क्रम टिकेलच असं नाही. तारखेबरोबर बिल क्रमांकही 'सॉर्ट बाय' या मेथडला (मेथड म्हणजे वस्तूवर चालवायची क्रिया) दिला आणि प्रश्न मिटला. त्या एका वाक्यासाठी ज्याने कोणी ते लिहिलं त्याची मी ऋणी आहे. डॉक्युमेंटेशनचं खरं काम हेच वाटतं. मेथड काय करते हे नावावरून बऱ्याचदा कळतं, ती काय करत नाही हे कोणीतरी लिहूनच ठेवावं लागतं.

वाचण्याची एक सवयही बदलली. प्रत्येक मेथडच्या वर कॉल-सीक्वेन्सची, म्हणजे ती कशी वापरायची हे दाखवणारी ओळ असते, तिच्यात बाणानंतर काय परत मिळतं ते दिलेलं असतं. आता आधी तेच बघते. उद्गारचिन्हवाली 'युनिक' (दुबार घटक काढणारी मेथड) काही बदललं नाही तर निल, म्हणजे 'काहीच नाही', देते. तिच्यापुढे दुसरी मेथड जोडली की प्रोग्राम पडतो, तोही नेमका डेटा स्वच्छ असेल त्या दिवशी. ओळीत 'सेल्फ (म्हणजे तीच वस्तू) किंवा निल' असं स्पष्ट लिहिलेलं आहे. मीच इतकी वर्षं ती ओळ ओलांडून खाली उदाहरणांवर उडी मारत होते.

गेल्या काही वर्षांत या पानांवर 'येथे काय आहे' अशा अर्थाचा भाग आला आहे. त्यात मेथडी कामानुसार लावल्या आहेत: शोधणाऱ्या, तुलना करणाऱ्या, काढून टाकणाऱ्या. नाव माहीत नसतं तेव्हा याचा फार उपयोग होतो.

तक्रार उदाहरणांबद्दल आहे. हॅशच्या पानावर कितीतरी ठिकाणी फू, बार, बाझ अशी निरर्थक नमुना-नावं आणि त्यांच्यापुढे शून्य, एक, दोन. मेथड चालते हे कळतं, पण ती कधी हाती घ्यावी ते कळत नाही. आमच्या टीममधला मराठी माध्यमातून आलेला एक मुलगा म्हणाला, "ताई, हे फू म्हणजे काही खास असतं का?" डॉक्सचं इंग्रजी सोपं, लहान वाक्यांचं आहे आणि ते त्याला समजतं. तो अडला होता उदाहरणापाशी.

दोन व्यावहारिक गोष्टी. आपल्याच आवृत्तीचं पान उघडा. ३.४ मध्ये हॅश छापण्याची पद्धत बदलली. आमचा प्रोजेक्ट ३.२ वर आणि मी वाचत होते नव्याचे डॉक्स, तेव्हा उत्तर जुळेना म्हणून अर्धा तास गेला. आणि टर्मिनलवरची, डॉक्स दाखवणारी 'री' कमांड वापरा, तिला नेट लागत नाही. कर्जत ते लोणावळा घाटातल्या बोगद्यांत मी एन्युमरेबलचं (यादीसारख्या वस्तूंच्या सामाईक मेथडींचं) पान असंच वाचून काढलं. फक्त रुबीच्या अधिकृत डॉकर इमेजमध्ये (रुबी आधीच बसवलेल्या तयार पॅकेजमध्ये) हे डॉक्स बसवलेले नसतात, त्यामुळे रुबी लॅपटॉपवर वेगळी घ्या.

सहाव्या महिन्यात एक उदाहरण स्वतः सुधारायला घेतलं. कोअर क्लासेसचे डॉक्स सी भाषेतल्या फाइलींत, फंक्शनच्या अगदी वर कॉमेंट म्हणून असतात. अ‍ॅरेचे बरेचसे 'अ‍ॅरे डॉट सी'मध्ये. दोन ओळी बदलायच्या होत्या, शनिवारची अख्खी संध्याकाळ गेली. कारण रिकाम्या अ‍ॅरेला काय होतं हे खात्रीने लिहायचं तर खालचं सी वाचावंच लागलं. मग 'मेक एचटीएमएल' ही पानं तयार करणारी कमांड चालवून पान डोळ्यांनी तपासलं आणि कमिटच्या (बदलाच्या नोंदीच्या) शीर्षकात 'डॉक' अशी खूण घालून पाठवलं.

आता तो मुलगा आणि मी शुक्रवारी अर्धा तास एकेक मेथड घेऊन बसतो. तो वाचतो, आणि जिथे थांबतो ती जागा मी वहीत लिहून ठेवते. अकरा जागा झाल्या आहेत, त्यातल्या सात हॅशच्या पानावरच्या.