विहिणीची अंगठी आणि काळ्या नक्षीचं बिलेझिक, हिवाळाभर वापरून

सून कझाक, त्यामुळे लग्नात विहीणबाईंनी मला कुदागी झुझिक घातली. मुलीची आई मुलाच्या आईला देते ती ही अंगठी, दोन घरं जोडली गेली म्हणून खाली दोन वळी, दोन बोटांत एकदम घालायची आणि वर एकच मोठा घुमट. अल्माटीत मुलाकडे राहतेय तेव्हापासून घालतेच आहे, बरेच महिने झाले, तर सविस्तर लिहिते.

ही पश्चिम कझाकस्तानची पद्धत, सोन्याचा मुलामा, मधे लाल अकीक आणि भोवती रवाकाम, म्हणजे चांदीचे बारीक बारीक मणी एकेक करून डाग देऊन बसवलेले. मला भीती होती रवा झडेल, पण अजून एकही निघाला नाही, किती सफाईचं काम आहे! लोकरीच्या स्वेटरचा धागा मात्र ओढला जातो, आणि थंडीत हातमोजा चढतच नाही. विकत घेणार असाल तर मागची बाजू बघा, ठसा मारलेल्या कामात मागे खळगे दिसतात. ठशाचं काम जुन्या दागिन्यांतही असायचं, ते वाईट नाही, पण रवाकामाचे पैसे त्याला देऊ नका.

हातात अंगठी असेल तरच अन्न शुद्ध, असं इथे मानतात. आता दोन बोटं बांधलेली असताना कणीक कशी मळणार, म्हणून स्वयंपाकाला साधं वळं घालते, विहीणबाईंना तेही चालतं.

बिलेझिक म्हणजे कडं, ते मी स्वतः एका झेरगेरकडून, म्हणजे इथल्या सोनाराकडून, घेतलं. त्यावर कोश्कार मुयीझ, मेंढ्याच्या शिंगांची वळणदार नक्षी, कोरून त्यात काळं भरलंय. ते काळं म्हणजे चांदी, तांबं, शिसं आणि गंधक वितळवून केलेलं मिश्रण, मळ नव्हे!! हे नीट लक्षात ठेवा कारण इथे हिवाळ्यात कोळशाचा धूर फार असतो, चांदी लवकर काळवंडते आणि मग माणूस चांदी चकचकीत करायचं लिक्विड आणतो, त्यात बुडवलं की नक्षीसुद्धा खराब होऊ शकते. मी रिठ्याचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश वापरते, लगेच कोरडं पुसते, बास. उंचवटे पांढरे होतात, खोलगट भाग काळा राहतो आणि शिंगं आणखी उठून दिसतात. बिजागरी अजून घट्ट आहे, फक्त कडाक्याच्या थंडीत बाहेर गेलं की मनगटाला गार चटका बसतो, तेव्हा बाहीवरून घाला.

आता वेणीला लावायचं शोल्पी घ्यायचंय, चालताना छान वाजतं ते. सुनेचे केस लांब आहेत, तिच्यासाठीच.