ड्रॉप नेट: मासा आपला, दोर शेजाऱ्याच्या हातात

गर्दीच्या धक्क्यावर गरवायला जायचं तर रॉड-रीलनंतर पहिली वस्तू कोणती घ्यावी, असं नवखे लोक विचारतात. माझं उत्तर ड्रॉप नेट, म्हणजे थकलेला मासा पाण्यातून कठड्यावर उचलायची जाळी. एक धातूचं कडं, त्याला खोलगट जाळी, कड्याला चार जागी बांधलेल्या आखूड दोऱ्या आणि त्या जुळतात तिथून वर येणारा लांब दोर. दांडा नाही, मूठ नाही. मी वापरतो ती घडीची आहे, कडं ९० सेंटिमीटरचं, दोर १५ मीटर. कंपनीचं नाव देत नाही, कारण या किमतीतल्या बहुतेक जाळ्या मला एकाच साच्यातून निघालेल्या वाटतात, फरक फक्त पिशवीवरच्या शिक्क्याचा.

ती लागतेच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पाण्यात माशाचं वजन लाइनवर जवळजवळ येतच नाही, येतो तो त्याच्या ओढण्याचा जोर. पण कठड्याकडे उचलायला घेतला की अख्खं वजन गळावर लटकतं आणि वर त्याची फडफड. म्हणून १० किलोचा ताण सोसणाऱ्या लाइनवर ५ किलोचा मासा आरामात थकवता येतो आणि त्याच लाइनवर धक्क्यावर घेताना सहज जाऊ शकतो. गाठीपाशी लाइन मुळातच कमजोर झालेली असते, तोंडातलं गळाचं भोक तोवर मोठं झालेलं असतं, एक झटका पुरतो.

मासा गेला तर गेला, तो ज्याचा त्याचा प्रश्न. लाइन बुडवायला बांधलेल्या शिशाचं काय? मोनो लाइन (एकाच सलग धाग्याची) भाराखाली बरीच लांबते आणि गळ सुटला की तो सगळा ताण १०० ग्रॅमच्या शिशाला थेट वर फेकतो. वर कठड्यावर वाकून तमाशा बघणारी डोकी असतात. काही जण तर रॉड उभा सरळ धरून मासा उचलतात. तेव्हा सगळा भार टोकाकडच्या बारीक भागावर येतो आणि कार्बनचा रॉड मोडला की त्याच्या चिरफळ्या शेजाऱ्याच्या अंगावर. म्हणून ही जाळी मी माशापेक्षा माणसांसाठी घेतलेली वस्तू समजतो आणि तिचं मोजमापही तसंच करतो.

आधी तक्रारी. सर्वांत मोठी दोराची. सोबत आलेला दोर पॉलिप्रॉपिलीनचा होता. तो पाण्यावर तरंगतो. होडी बांधायला ते ठीक असेल, पण धक्क्यावर जाळी खाली सोडली की उरलेला दोर प्रवाहाबरोबर पृष्ठभागावर पसरतो आणि बाजूच्या तिघांच्या लाइन गोळा करतो. शिवाय ६ मिलिमीटरचा, ओला झाला की तळव्यात रुततो. मी तो काढून ८ मिलिमीटरचा, बुडणारा नायलॉनचा दोर लावला आणि दर मीटरला एक गाठ मारली. गाठींमुळे पकड मिळते आणि दोर मनगटाला गुंडाळायचा मोह होत नाही. मोह म्हणतो, कारण जड मासा ओढताना प्रत्येकाचा हात आपोआप ते करायला जातो आणि खाली लाट जाळी खेचते तेव्हा माणूस कठड्यावर आपटतो. दुसरं टोक मात्र कठड्याला आधीच बांधून ठेवा. मोकळा दोर बादलीत वेटोळा करून ठेवायचा, जमिनीवर नाही. आमिषाच्या पाण्याने धक्का आधीच निसरडा असतो, त्यात पायात दोर कशाला?

दुसरी तक्रार जाळीची. गाठींच्या नायलॉनमध्ये ट्रेबल हुक, म्हणजे तीन टोकांचा गळ, असा अडकतो की सोडवता सोडवता भरती संपते. मासा वर आला, गळ जाळीत, मासा जाळीत, मालक गुडघ्यावर, आणि कठड्याची तीन माणसांची जागा बंद. रबराचा लेप असलेली बिनगाठींची जाळी घ्या. ती जड असते, प्रवाहात जास्त ओढली जाते, पण गळ पटकन सुटतो आणि सोडून द्यायच्या माशाची खवलं आणि अंगावरचा चिकट थर कमी खरवडला जातो. घडीच्या बिजागरीबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही. खाऱ्या पाण्यानंतर गोड्या पाण्याने धुतली नाही तर गंजते.

आता वापर. इथे ही वस्तू इतर कुठल्याही सामानापेक्षा वेगळी आहे. एका हाताने मोठ्या माशाचा रॉड आणि दुसऱ्याने दोर, हे बोलण्यापुरतं. शांत पाण्यात, लहानशा माशाला जमतं, एरवी दुसरा माणूस लागतोच. म्हणजे तुम्ही पैसे मोजून शेजाऱ्याची गरज विकत घेताय. मला यातच तिचा फायदा दिसतो. जिथे दोन-तीन जाळ्या कठड्याला लटकलेल्या असतात तिथे लोक एकमेकांशी बोलतात. ‘मासा लागलाय’ अशी हाक आली की बाजूचे लाइन गुंडाळतात, निदान रॉड उचलून वाट देतात. मासा आडवा पळाला तर त्याच्या मालकाला कठड्याने त्याच्या मागे जावं लागतं, प्रत्येकाच्या रॉडवरून किंवा खालून. ‘वरून का खालून?’ हे विचारायला एक सेकंद लागतो. न विचारता घुसलं की चार लाइनचा गुंता. आणि त्यात एकाची ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन, असेल तर ती ताणाखाली दुसऱ्याची मोनो कापते.

दोर धरणाऱ्याने काय करायचं, हे आधीच ठरवा. जाळी मासा दमल्यावरच सोडायची, फार आधी नाही, नाहीतर ती प्रवाहात भरकटून खांबांवरच्या कालवांना घासत बसते. प्रवाह ज्या बाजूने येतो तिकडून जरा अलीकडे सोडायची, म्हणजे वाहत नेमक्या जागी येते. कडं पाण्याखाली अर्धा-एक मीटर बुडू द्यायचं. मग जाळी स्थिर ठेवायची आणि रॉडवाल्याने मासा तोंडाकडून तिच्यावर आणायचा. माशाच्या मागे जाळी पळवणारे हौशी मदतनीस माझ्या डोक्यात जातात. शेपटीकडून कड्याचा स्पर्श झाला की दमलेला मासाही उसळतो. आणि मालकाने ‘घे’ म्हटल्याशिवाय ओढायचं नाही. मासा त्याचा, निर्णय त्याचा. लाइनला हात लावायचा तर त्याहून आधी विचारायचं.

जाळीतून काय वर येतंय ते ओढण्याआधी बघा. शिंगाळ्याचे पाठीवरचे आणि छातीचे काटे जाळीत उभे अडकतात, सोडवताना बोटात घुसतात. पाखट (स्टिंग रे) आली तर शेपटीवरच्या काट्यापासून सगळ्यांना दोन पावलं मागे करा, मुलांना आधी. जाळी जमिनीवर टेकवा, लांब पकडीने गळ काढा आणि जाळीतूनच परत खाली सोडा. पायाने ढकलणं किंवा धक्क्यावर तडफडत ठेवणं, दोन्ही प्रकार मी बघतो आणि दोन्ही वेळा आवाज चढवतो.

एका कामासाठी मात्र या जाळीला तोड नाही, आणि पिशवीवर त्याचा उल्लेखही नसतो. धक्क्याभोवती समुद्रपक्षी घिरट्या घालतात. त्यांच्यातला एखादा आमिषावर झडप घालून गळात सापडतो. बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया लाइन कापायची. तसं केलं तर पक्षी मीटरभर लाइन लोंबकळवत उडतो आणि कुठेतरी अडकून मरतो. हळूहळू जवळ घ्या, खाली जाळी सोडा, जाळीतून वर आणा. डोक्यावर फडकं टाकलं की तो शांत होतो. चोच धरायची, पण नाकपुड्या दाबायच्या नाहीत. आपण डोळ्यांवर चष्मा ठेवायचा, मग गळाचं काटेरी टोक कापून गळ उलटा काढायचा. कासव लागलं तरी लाइनने उचलायचं नाही, जाळीच. गळ खोल गेला असेल तर ओढाओढ न करता वन्यजीव बचाववाल्यांना बोलवा.

जी कामं ही जाळी करत नाही तीही सांगतो, कारण जाळी असली की लोक निर्धास्त होतात. डोक्यावरून जोरात फेक मारणाऱ्याला ती थांबवत नाही. गर्दीत खालून झोका देऊन आमिष सोडावं, डोक्यावरून फेकायचंच असेल तर मागे वळून बघावं आणि मोठ्याने सांगावं. रॉड मागे जातो तेव्हा गळ कुणाच्या कानाच्या उंचीवर असतो ते फेकणाऱ्याला दिसत नाही. डोळ्याला गळ लागला तर तिथे काढायचा प्रयत्न करू नका, हलणार नाही असा झाकून थेट दवाखाना. पाण्यात माणूस पडला तर जीवरक्षक कडं फेका, ही जाळी नव्हे. हातपाय जाळीत अडकले तर उलट तो बुडेल. आणि गडगडाट ऐकू आला की सगळ्यांनी निघायचं. कार्बन विजेचा वाहक आहे आणि धक्क्यावर सर्वांत उंच टोक आपल्याच हातात असतं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी परत यायचं नाही, मासे कितीही उसळत असोत.

पाचापैकी साडेतीन. दोर बदलल्यावर चार. अर्धा गुण मी जाळीच्या रंगाचाही कापतो. काळी जाळी गढूळ पाण्यात वरून दिसतच नाही, मासा नक्की तिच्यावर आलाय की बाजूला हे दोघांनाही कळत नाही. कड्याला फिक्या रंगाची पट्टी गुंडाळली की काम होतं, पण ती कंपनीनेच द्यायला हवी होती. ६० सेंटिमीटरची छोटी आवृत्तीही मिळते. ती घेऊ नका. लांब मासा त्यात अर्धा बाहेर राहतो आणि वर येताना कडं कलंडलं की सगळं परत पाण्यात.