शेंगदाण्याशिवायचे लाडू आणि सूर्यफूल बियांच्या बटरच्या सात बरण्या

सूर्यफूल बियांच्या बटरची पहिली बरणी मी गेल्या जूनमध्ये मागवली, शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात. २७५ ग्रॅम, ४३० रुपये. आत्यांनी (सासूबाईंना मी आत्याच म्हणते) ती हातात घेऊन उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, "ह्यात हाय तरी काय एवढं?" आत दोनच गोष्टी होत्या, भाजलेल्या सूर्यफूल बिया आणि मीठ. आता सातवी बरणी चालू आहे. ज्यांच्या घरात शेंगदाणा बंद आहे त्यांना हे माझे अनुभव उपयोगी पडतील, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या धाकटीला शेंगदाणा चालत नाही. मिरजेत राहून हे पाळणं किती अवघड आहे ते आमच्या भागातल्या माणसालाच कळेल. आमच्याकडे भाजीत कूट, आमटीत कूट, साबुदाण्यात कूट, चटणी शेंगांची, आणि पाहुणा आला की पुढ्यात चिक्की. ती पाच वर्षांची असताना चिक्कीचा तुकडा खाऊन तिचे ओठ सुजले आणि अंगभर गांधी उठल्या, तेव्हा आम्हाला कळलं. आता ती अकरा वर्षांची आहे, खो-खो खेळते. सकाळी सहाला मैदान, तिथून थेट शाळा. मधल्या वेळात पटकन तोंडात टाकता येईल, शाळेपर्यंत पोट धरेल आणि दप्तरात चिरडणार नाही असं काहीतरी हवं होतं. बिस्किटांनी ते भागत नव्हतं. खजूर, बेदाणे आणि बियांचे लाडू हा मार्ग सोपा वाटला, कारण पाक नाही, तूप नाही, भाजणं फक्त बियांचं.

मग बटर विकत कशाला, तीळ आणून घरीच वाटावेत, असं कुणीही म्हणेल. मीही तेच केलं होतं. तिच्या डॉक्टरांनी तपासण्या करून तीळ, काजू, बदाम चालतील असं सांगितलं होतं. (तुमच्या मुलाचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. शेंगदाणा न चालणाऱ्या काहींना तीळही चालत नाहीत.) गेल्या संक्रांतीला नेहमीच्या दुकानातून अर्धा किलो सुटे तीळ आणले, मंद आचेवर भाजले, वाटले, लाडू वळले. अर्ध्या तासात तिच्या ओठाला खाज सुटली आणि मानेवर गांधी दिसायला लागल्या. औषध घरात होतं, ते दिलं, दवाखाना गाठला, ती रात्र निभावली. डॉक्टरांनी विचारलं, "तीळ आणले कुठून?"

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन नुसती उभी राहिले. तिळाचं पोतं आणि शेंगदाण्याचं पोतं शेजारी शेजारी, माप एकच. शेंगदाण्यातून निघालेलं माप झटकून तिळात. दुकानदाराची त्यात काही चूक मला वाटत नाही, सुटा माल सगळीकडे असाच विकला जातो. घरी येऊन मिक्सरचं चटणीचं भांडं उलटं केलं, तर पात्याखालच्या रबराच्या कडेला कुटाचा पिवळट थर. बारा वर्षं त्याच भांड्यात आम्ही शेंगांची चटणी केली होती. तिला त्रास तिळातून झाला की भांड्यातून, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या दिवशी नवीन भांडं घेतलं, त्याच्या झाकणाला लाल चिकटपट्टी लावली आणि त्यात शेंगदाणा जाणार नाही असं ठरलं. आत्यांनी तो नियम माझ्यापेक्षा कडक पाळला आहे.

म्हणून बरणी. या बरणीची किंमत चवीची नाही, बंद दाराची आहे. बरणीच्या पाठीवर स्पष्ट लिहिलं होतं की ही वस्तू जिथे तयार होते तिथे शेंगदाणा आणला जात नाही. त्या एका ओळीसाठी मी ४३० रुपये दिले.

चवीचं खरं सांगायचं तर नुसतं चमच्याने खाल्लं तर पहिल्या दिवशी निराशा होईल. रंग करडा-तपकिरी, वास भाजलेल्या बियांचा, शेवटी जिभेवर किंचित कडसरपणा. लेक म्हणाली, "मातीसारखं लागतंय." पोळीला लावून आजही ती खात नाही. पण खजुराबरोबर मळलं की कडसरपणा पूर्ण जातो आणि मागे राहतो तो खमंगपणा. कूट घातलेल्या लाडवाच्या इतक्या जवळचा की पहिला लाडू चाखताना माझ्याच छातीत धडधडलं होतं.

तेल वर तरंगतं. ते चांगलंच लक्षण आहे, कारण तेल वेगळं होऊ नये म्हणून घालतात ती घट्ट चरबी यात नाही. त्रास मात्र होतो. पहिल्या बरणीत मी वरवरचं काढत गेले आणि तळाचा एक तृतीयांश भाग पुट्टीसारखा घट्ट राहिला. आता नवी बरणी आली की रात्रभर उलटी ठेवते, सकाळी लाकडी उलथण्याच्या दांड्याने तळापासून ढवळते आणि मग फ्रीजमध्ये टाकते. फ्रीजमध्ये तेल पुन्हा फारसं वेगळं होत नाही. सूर्यफुलाचं तेल लवकर खवट होतं, आणि आमच्या एप्रिलमधल्या उन्हात ही बरणी ओट्यावर टिकणार नाही. कंपनीने "थंड व कोरड्या जागी ठेवा" एवढंच छापलं आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात अशी जागा म्हणजे फ्रीजच, हे त्यांनी लिहायला हवं होतं.

आता लाडू. एका वेळी घेते ते असं: किमिया खजूर २०० ग्रॅम, बेदाणे १००, हे बटर १२०, भाजलेल्या बिया ८० (लाल भोपळ्याच्या आणि मगज, दोन्ही बंद पाकिटातल्या), राजगिऱ्याच्या लाह्या ६०, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा सुंठ. याचे लिंबाएवढे बावीस लाडू होतात.

खजूर किमियाच घ्या. तो काळा, मऊ इराणी खजूर खोक्यात येतो आणि हातानेही मळला जातो. कडक खजूर पाण्यात भिजवून केला तर लाडवात पाणी जातं. पाणी गेलं की बटरचा चिकट गोळा होतो आणि चौथ्या दिवशी लाडवाला आंबूस वास येतो. मी दोनदा करून पाहिलं आणि सोडलं. खोक्यावर "बिनबियांचा" लिहिलेलं असलं तरी प्रत्येक खजूर बोटाने दाबून बघा. एक बी राहिली तर मिक्सरचं पातं तरी जातं, नाहीतर मुलाचा दात.

बेदाण्याबद्दल मी जरा जास्त बोलेन, माझं माहेर तासगाव आहे. बाबांची दोन एकर थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग होती. फेब्रुवारी-मार्चमध्ये घड काढायचे, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायचे आणि शेडमध्ये एकावर एक बांधलेल्या जाळ्यांवर पसरायचे. दोन आठवडे वारा त्यांचं पाणी ओढून घेतो. चार किलो द्राक्षांतून जेमतेम एक किलो बेदाणा हाती येतो. आई संध्याकाळी जाळीखालून हात फिरवून कुठला थर वाळला ते सांगायची. बाजारात बेदाण्याचा रंग बघतात. सोनेरी, पारदर्शक, एकसारखा पिवळा माल महाग जातो, आणि तो रंग बहुतेक वेळा गंधकाची धुरी देऊन धरलेला असतो. दम्याच्या माणसाला गंधकाचा त्रास होऊ शकतो. लाडवात रंग दिसतच नाही, मग धुरी न दिलेला तपकिरी बेदाणा का घेऊ नये? तो स्वस्त असतो आणि मला त्याची चव जास्त गडद लागते, गुळाच्या जवळची. भाऊ मला दरवर्षी पाच किलो शेडवरूनच भरून देतो. बाहेरून घेणार असाल तर एक प्रश्न जरूर विचारा: दाणे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून तेलाचा हात दिला आहे का, आणि कोणत्या तेलाचा. आमच्यासारख्या घराला त्याचं उत्तर कळायलाच हवं.

बाकी कृती सोपी आहे. बेदाणे नव्या भांड्यात थांबत थांबत फिरवा, सलग फिरवले तर पात्याभोवती गोळा अडकतो. परातीत खजूर, बेदाणे आणि बटर हाताच्या तळव्याने मळा. लाह्या सगळ्यात शेवटी, हलक्या हाताने, नाहीतर त्यांचा भुगा होतो आणि चावताना काही लागत नाही. कोरड्या डब्यात फ्रीजमध्ये दोन आठवडे लाडू उत्तम राहतात. सकाळी डब्यात घातलेले दुपारपर्यंत मऊ होतात, पण आकार धरून असतात.

हे लाडू पौष्टिक आहेत, पण त्यात साखर नाही असं समजू नका. वरून घातलेली नाही एवढंच. खजूर आणि बेदाणे मिळून एका लाडवात आठ-नऊ ग्रॅम साखर जाते, म्हणजे जवळजवळ दोन चहाचे चमचे. एका लाडवाच्या साधारण शंभर कॅलरी होतात. मैदानावर तासभर धावलेल्या मुलीला दोन लाडू ठीक आहेत. संध्याकाळी टीव्हीसमोर बसून खाणाऱ्याला मी एकच देते आणि वर चूळ भरायला लावते, कारण हे मिश्रण दातांना चिकटून बसतं.

आता तक्रार, आणि ती गंभीर आहे. पाचवी बरणी ऑक्टोबरमध्ये आली. झाकण तेच, चित्र तेच, किंमत तीच. पाठीवरची ओळ बदलली होती. शेंगदाणा नसलेल्या जागेचं वाक्य गायब, आणि बारीक अक्षरात "मे कंटेन पीनट्स", म्हणजे शेंगदाण्याचा अंश असू शकतो. मी वाचलं ते निव्वळ सवयीने. मागच्या चार बरण्यांच्या भरवशावर तशीच उघडली असती तर काय झालं असतं याचा विचार अजूनही येतो. जुनी बरणी शेजारी धरून पाहिली, तर निर्मितीचा पत्ता वेगळा, परवाना क्रमांकही वेगळा. विकणारी कंपनी एक आणि बनवून देणारा दुसराच, असं आपल्याकडे पुष्कळ मालाचं असतं, आणि बियांचं बटर बनवणारा बहुधा पीनट बटरही बनवत असतो. कंपनीला लिहिलं. दोन दिवसांत उत्तर आलं की मागणी वाढल्यामुळे काही माल दुसरीकडून करून घेतला. पैसे परत केले आणि पुढच्या बरण्या जुन्या ठिकाणच्याच पाठवल्या. उत्तर नीट आणि नम्र होतं, हे मान्य करते. पण समोरच्या बाजूला ठळक अक्षरात "उत्पादनाची जागा बदलली आहे" असं छापायला त्यांना काय हरकत होती? माझ्यासारख्या घरात ही बरणी चवीसाठी येत नाही, त्या ओळीसाठी येते.

म्हणूनच मी इथे कंपनीचं नाव लिहीत नाही. नाव बघून कुणी डोळे मिटून मागवायला नको. प्रत्येक बरणीची पाठ वाचा, निर्मितीचा पत्ता मागच्या बरणीशी ताडून बघा. आणि शेंगदाण्याचा इशारा छापलेला नाही म्हणजे शेंगदाणा नाहीच, असंही धरू नका. शंका असेल तर लिहून विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. आता आमची लेकच ते वाचते, मोठ्याने, बोट फिरवत. तिचं वाचून झाल्याशिवाय झाकण उघडत नाही.

खर्चाचं म्हणाल तर सगळं धरून एक लाडू मला सतरा-अठरा रुपयांना पडतो. दुकानातल्या एनर्जी बारपेक्षा निम्म्याहून स्वस्त, आणि त्यातल्या बहुतेकांवर शेंगदाण्याचा इशारा असतोच. ज्यांच्या घरी शेंगदाण्याची अडचण नाही त्यांनी मात्र ही बरणी घेऊ नये असं मी स्पष्ट सांगेन. दोनशे ग्रॅम तीळ भाजून घरी वाटा. आधी कूट होतं, मग ते भांड्याच्या कडेला चिकटतं, खाली ओढून पुन्हा फिरवत राहिलं की दहा-बारा मिनिटांत तेल सुटून पातळ बटर होतं. मध्ये मिक्सरला विश्रांती द्या आणि पाण्याचा थेंबही घालू नका. त्याचे लाडू या बरणीच्या लाडवांपेक्षा चवीला सरस होतात.

आत्यांनी परवा त्याच लाल पट्टीच्या भांड्यात कारळ्यांचं बटर करून पाहिलं. कारळे त्यांच्या भावाच्या शेतातले, घरीच पाखडलेले, शेंगांच्या पोत्याजवळही न गेलेले. काळंभोर झालं, वास छान, पण कडूपणा सूर्यफुलापेक्षा जास्त. एका घाण्याला दोन चमचे घातलं तर लाडवाला मस्त खमंग चव येते. चार चमचे घातलं, तेव्हा लेकीने अर्धा लाडू परत डब्यात ठेवला.