कार्ड मशीनवरची ‘तुमच्या चलनात भरा’ सेवा: घेऊ नये अशीच

परदेशात कार्ड लावलं की मशीन विचारतं, रक्कम स्थानिक चलनात घेऊ की तुमच्या? दुसरा पर्याय म्हणजे डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन. आकडा लगेच कळतो, एवढाच तिचा गुण. दर मात्र दुकानदाराची बँक किंवा मधली कंपनी ठरवते आणि त्यातच आपला नफा मिसळते.

स्थानिक चलन निवडलं, तर व्हिसा किंवा मास्टरकार्डचा दर लागतो (तो त्यांच्या संकेतस्थळांवर तपासता येतो) आणि त्यावर तुमच्या बँकेचा परकीय चलन मार्कअप, म्हणजे रूपांतरासाठीचं टक्केवारीतलं जादा शुल्क. समजा मार्कअप ३ टक्के आणि मशीनच्या दरातली वाढ ५ टक्के. १,००० च्या खरेदीवर ३० ऐवजी ५० जादा. खरी मेख पुढे आहे: व्यवहार परदेशी दुकानात झाला म्हणून काही बँका ‘तुमच्या चलनात’ केलेल्या व्यवहारावरही वेगळं शुल्क लावतात. म्हणजे दुहेरी फटका.

निवड ग्राहकाचीच, असा कार्ड नेटवर्कचा नियम आहे. तरी घाईत विक्रेताच बटण दाबून टाकतो, म्हणून पिन टाकण्याआधी पडद्यावरचं चलन वाचा. पावतीवर तुमचं चलन आणि विनिमय दर छापून आला, तर तिथेच व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा; नंतर दाद मागणं फार कटकटीचं. हॉटेल आणि भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर विशेष जपा, तिथे संमती कागदपत्रांतच दडलेली असू शकते. एटीएमवर ‘रूपांतराशिवाय पुढे जा’ निवडा. क्रेडिट कार्डाने रोकड काढल्यास व्याज सहसा त्याच दिवसापासून धावतं.