सात रस्त्याजवळच्या वकील मॅडम, पाच स्टार

ताईचं लग्न मडगावच्या मुलाशी ठरलं, नोंदणी पण तिकडंच होणार होती, आणि त्यांनी लग्नाआधीचा करार पाठवला, म्हणाले आमच्या वकिलांनीच दोघांसाठी केलाय, फक्त सही करा. आप्पांना वाटलं दुसरा वकील लावला तर पाहुणे नाराज होतील. मी तरी ताईला घेऊन ह्या मॅडमकडं गेलो. दीड तास बसवून एकेक ओळ समजावली ओ! आपल्याकडं असा करार १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम २३ मुळं, म्हणजे सार्वजनिक हिताविरुद्धचा करार चालत नाही ह्या नियमामुळं, कोर्टात टिकणं अवघड, पण गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड अजून चालतो, तिथं करार नसेल तर मालमत्ता दोघांची निम्मी निम्मी, आणि एकदा केलेला करार लग्नानंतर बदलता येत नाही. ह्या कागदात ताईचा तो निम्मा हक्कच काढून टाकलेला. एकच वकील दोघांचं हित कसं बघणार सांगा? गोव्याच्या कायद्यासाठी तिथलाच, पण ताईचा स्वतःचा वकील बघा, हे मॅडमनीच सुचवलं, फी फक्त सल्ल्याची घेतली. शनिवारी लई गर्दी असते, फोन करून जावा.