‘टीकप’ पिल्लू आणि मोजून दिलेले बारा दाणे

गेल्या डिसेंबरमध्ये आम्ही ‘टीकप पॉमेरेनियन’, म्हणजे चहाच्या कपात मावेल एवढेच राहणारे, म्हणून ३८,००० रुपयांना कुत्र्याचे एक पिल्लू विकत घेतले. पैसे गेल्याचे दुःख आहेच. पण विकणाऱ्याने पिलाच्या खाण्याबद्दल ज्या सूचना दिल्या, त्या पाळता पाळता आम्ही आमच्याच हातांनी त्या जिवाला चार दिवस अर्धपोटी ठेवले, हे मला अधिक लागले आहे. लहान चणीच्या जातीचे पिल्लू घेण्याच्या विचारात कोणी असेल, तर त्याने व्यवहार करण्याआधी हे वाचावे, म्हणून तपशिलाने लिहीत आहे.

जाहिरात मोबाइलवर दिसली होती. तळहातावर पांढरे पिल्लू आणि शेजारी चहाचा कप, असा फोटो होता. फोनवरचा गृहस्थ अदबीने बोलत होता. पिल्लू ६० दिवसांचे आहे, पहिली लस झाली आहे, जंताचे औषध दिले आहे, असे त्याने सांगितले. पिलाची आई पाहायला येतो म्हटल्यावर ‘बाहेरची माणसं आली की पिलांना संसर्ग होतो’ असे कारण देऊन त्याने आम्हाला पुण्यात सिंहगड रस्त्यावर बोलावले आणि गाडीतल्या खोक्यातून पिल्लू काढून माझ्या हातात ठेवले. संसर्गाची भीती खरी असते, त्यामुळे ते कारण आम्हाला पटले. पैसे यूपीआयने घेतले. पावती नंतर पाठवतो म्हणाला, ती आजतागायत आलेली नाही.

वर २,४०० रुपये घेऊन त्याने खाद्याची दोन पाकिटे आणि कॅल्शियमची बाटली दिली. खाद्य परदेशी असल्याचे सांगितले, पण पाकीट साधे पारदर्शक होते आणि त्यावर ना कंपनीचे नाव होते, ना घटक, ना वापरण्याची मुदत. मग त्याने बजावून सांगितले, की दिवसातून तीन वेळा मोजून बारा दाणे दुधात भिजवून द्यायचे, रात्री काहीही द्यायचे नाही. ‘जास्त घातलंत तर वाढेल, मग टीकप राहणार नाही.’ हेच त्याने व्हॉट्सअ‍ॅपवरही लिहून पाठवले.

लेकीने पिलाचे नाव चिमणी ठेवले. चिमणी वाटी चाटूनपुसून लख्ख करायची आणि रिकाम्या वाटीत नाक घालून तशीच उभी राहायची. तिला भूक आहे हे मला दिसत होते, तरी मी वाटी उचलून ठेवत असे. दुधामुळे तिला दुसऱ्याच दिवशी जुलाब सुरू झाले. त्यावर ‘जागा बदलली की होतं’ असे उत्तर मिळाले.

पाचव्या दिवशी पहाटे तिने मान उचलली नाही. कान गार पडले होते, हिरड्या फिकट झाल्या होत्या आणि पाय मधूनमधून थरथरत होते. डॉक्टरांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे मी बोटावर थोडा मध घेऊन तिच्या हिरड्यांना चोळला, तोंडात काही ओतले नाही, कारण अर्धवट शुद्धीतल्या पिलाच्या श्वासनलिकेत ते जाऊ शकते, आणि तिला शालीत गुंडाळून दवाखान्यात नेले. रक्तातील साखर ३२, म्हणजे फारच कमी भरली. वजन होते ४८० ग्रॅम.

डॉक्टरांनी जे समजावले, ते मला आधी माहीत असते तर ही वेळ आली नसती. एवढ्या लहान पिलाच्या यकृतात साखरेचा साठा फारसा नसतो, अंगावर चरबी नसते, आणि शरीर लहान असल्यामुळे ऊब लवकर निघून जाते. म्हणून काही तासांचा उपासही त्याला झेपत नाही. मग त्यांनी तिचे तोंड उघडून दाखवले. पुढचे दात आणि सुळे आले होते, मागच्या दाढा मात्र नुकत्या टोचू लागल्या होत्या. म्हणजे पिल्लू ६० दिवसांचे नव्हे, जेमतेम पाच आठवड्यांचे होते आणि त्याला आईपासून फार लवकर तोडले होते. लसीच्या पुस्तिकेवर पशुवैद्यकाचा शिक्का नव्हता, नोंदणी क्रमांकही नव्हता. ‘टीकप’ नावाची कोणतीही मान्यताप्राप्त जात नाही, हेही मला तिथेच कळले. वय लपवायचे, पोट मारून वाढ रोखायची आणि तेच जातीचे वैशिष्ट्य म्हणून विकायचे, असा हा सगळा प्रकार आहे.

त्यानंतर आम्ही लहान जातींच्या पिलांसाठी असलेले सीलबंद खाद्य आणले आणि ते कोमट पाण्यात मऊ करून दर तीन-चार तासांनी, रात्रीसुद्धा, देऊ लागलो. दाणे मोजणे बंद करून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये खाद्य आणि रोज सकाळी चिमणीचे वजन, अशी वही ठेवली. दोन महिन्यांची झाल्यावर दिवसातून चार वेळा, तीन महिन्यांनंतर तीन वेळा, असे खाणे बसवले. गाईचे दूध पूर्ण थांबवले, कारण त्यातली साखर अनेक पिलांना पचत नाही. कॅल्शियमची बाटलीही बाजूला ठेवली. संतुलित खाद्यात ते पुरेसे असते आणि वरून दिलेले जास्तीचे कॅल्शियम वाढत्या हाडांना अपाय करते. आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा प्रेमाने काहीतरी भरवू पाहतो, त्यांना मी आता स्पष्ट सांगते, की बेदाणे, द्राक्षे, चॉकलेट आणि कांदा कुत्र्याला विषासमान आहेत, आणि इतक्या लहान देहाला त्यातले थोडेसेही पुरते.

चिमणी आता सात महिन्यांची आहे आणि तिचे वजन ५ किलो २०० ग्रॅम आहे. ती पॉमेरेनियन नसून आपल्याकडे घरोघरी दिसणारी साधी स्पिट्झ जातीची कुत्री आहे, आणि ती भरपूर वाढली याचा मला आनंद आहे.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. तो नोंदणी क्रमांक मी एकदाही विचारला नव्हता. मी पोलिसांत आणि ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर तक्रार दिली, पण तोवर आठवडा उलटला होता. माझ्याकडे पुरावा म्हणून यूपीआयची नोंद, डॉक्टरांचा वयाबद्दलचा लेखी अभिप्राय आणि बारा दाण्यांचा तो संदेश एवढेच आहे. पैसे परत मिळालेले नाहीत. मागच्या आठवड्यात त्याच कपाशेजारच्या पिलाचा फोटो मला दुसऱ्या फोन क्रमांकासह पुन्हा दिसला. त्याचीही प्रत मी पोलिसांना दिली आहे.