प्रश्नावलीचा आराखडा: माइंड मॅप, फ्लोचार्ट की थेट एक्सेल?

एमएसडब्ल्यूचा प्रबंध असो की एखाद्या संस्थेची गावपाहणी, प्रश्न लिहायला घेण्याआधी त्यांची मांडणी चित्रात करून बघावीच, असं माझं ठाम मत आहे. चित्र कोणतं काढायचं, हे आपण नेमके कुठे अडलो आहोत त्यावर ठरतं.

काय काय विचारायचं हेच अजून नक्की नसेल, तर माइंड मॅप. मधोमध 'पाणी' लिहा, भोवती स्रोत, साठवण, खर्च, कष्ट, आजार. कुठल्या फांदीवर प्रश्नांची गर्दी झाली आणि कुठली रिकामी राहिली, ते लगेच दिसतं. कागदावर काढा किंवा एक्समाइंड या अ‍ॅपमध्ये, फरक पडत नाही. पण प्रश्नांचा क्रम त्यात ठरत नाही. शिवाय माइंड मॅपच्या फांद्या फुटत जातात, पुन्हा एकत्र येत नाहीत. प्रश्नावलीत मात्र वेगवेगळ्या वाटांनी गेलेली माणसं पुढे एकाच प्रश्नावर येऊन मिळतात.

म्हणून गाळणी प्रश्न, म्हणजे ज्यांच्या उत्तरावर पुढचा प्रश्न ठरतो असे प्रश्न, आले की फ्लोचार्ट हवा. समजा, पहिला प्रश्न 'घरात नळ आहे का?' उत्तर 'हो' असेल तर 'किती दिवसांआड पाणी येतं?', 'नाही' असेल तर 'पाणी कुठून आणता, कोण आणतं, किती वेळ लागतो?' आणि मग दोघांनाही 'पाणी कशात साठवता?' यादीत हे अगदी नीट वाटतं. चौकोन आणि बाण काढायला घेतले की प्रश्न पडतो: नळ आहे, पण एप्रिल-मे महिन्यांत कोरडा असतो, त्या घराचं काय? त्या घरातली बाई हंडे घेऊन जातेच, पण आपली प्रश्नावली तिला ते विचारतच नाही. 'हो'च्या वाटेवर 'उन्हाळ्यात नळाला पाणी येतं का?' हा प्रश्न आणि तिथून पलीकडच्या वाटेला जाणारा तिसरा बाण हवा. इतकी महत्त्वाची चूक गावात पोहोचण्याआधी सापडते, हाच फ्लोचार्टचा खरा फायदा.

आणखी एक गोष्ट कळते. 200 घरांपैकी बिननळाची 20च निघणार असतील, तर त्या वाटेवर दहा प्रश्न ठेवून विश्लेषणाला काय उरेल?

पहिला खर्डा पेन्सिलीने काढावा. पक्का करायला ड्रॉ.आयओ पुरेसं आहे: फुकट आहे, आणि संगणकावर उतरवून घेतलं तर इंटरनेटशिवाय चालतं. चौकोनात पूर्ण प्रश्न लिहू नका, क्रमांक आणि दोन शब्द बास. प्रत्येक बाणावर उत्तर मात्र लिहाच.

मग थेट एक्सेल कुणी वापरावं? माहिती मोबाइलवर कोबो टूलबॉक्स किंवा ओडीकेमधून गोळा करणार असाल, तर एक्सएलएसफॉर्मपाशी, म्हणजे एक्सेलमध्ये प्रश्नावली लिहायच्या ठरलेल्या साच्यापाशी, बहुतेकदा यावं लागतं. त्यात एका ओळीत एक प्रश्न, आणि तो कधी दिसावा याची अट 'रेलेव्हंट' या रकान्यात. अट जिथे पोहोचायचं त्या प्रश्नासमोर असते, त्यामुळे माणूस कुठून आला ते कळतं, पण एका उत्तरानंतर तो कुठे जाणार हे शोधत बसावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या छापील प्रश्नावल्यांत याच्या उलट पद्धत आहे: उजवीकडच्या शेवटच्या रकान्यात, उत्तरासमोरच, पुढे कुठल्या प्रश्नावर जायचं त्याचा बाण. फ्लोचार्टमध्ये दोन्ही टोकं एकत्र दिसतात. म्हणून फाटे बरेच असतील, तर आराखडा म्हणून एक्सेल मी सुचवणार नाही. आधी चित्र, मग ओळी.

गुगल फॉर्म वापरणाऱ्यांनी एक मर्यादा चित्र काढतानाच लक्षात ठेवावी. तिथे उत्तरानुसार वाट बदलते ती विभागांच्या पातळीवर, आणि एकच पर्याय निवडायच्या प्रश्नावरूनच. 'पाणी कुठून आणता?' याला विहीर, टँकर, हातपंप अशा अनेक खुणा करू देणार असाल, तर त्या प्रश्नावरून बाण काढता येणार नाही.

दहा-पंधरा प्रश्न आणि एखादाच फाटा असेल, तर माइंड मॅपवरून सरळ फॉर्म भरायला घ्या. दोन किंवा जास्त फाटे असतील, तर फ्लोचार्टला वेळ द्या आणि पूर्वचाचणीला जाताना त्याची छापील प्रत सोबत ठेवा. प्रत्येक घराची वाट रंगीत पेनाने गिरवली, की कुठल्या बाणावरून कुणीच गेलं नाही ते त्याच संध्याकाळी समजतं.